ओसरीवरून : रुमालाखालचा सौदा

मागील महिन्यांत याच सदरांत भिशीच्या हिशेबावरून होणाऱ्या रुसव्याफुगव्यांविषयीं मीं चार शब्द लिहिले होते. त्यावर बरींच पत्रें आलीं. बहुतेकींनीं आपल्या भिशींत असें कांहीं घडत नाहीं असें मोठ्या आग्रहानें कळविलें आहे, व त्या आग्रहावरूनच काय तें समजावें. एक पत्र मात्र घरचेंच होतें. माझी भाची गेलीं बारा वर्षें अमेरिकेंत, न्यू जर्सी राज्यांत राहते. तिनें लिहिलें आहे, "आत्या, तुझ्या भिशीवाल्या बायका बऱ्या म्हणायच्या. रात्रीं नवऱ्याशीं काय बोललीस, असें त्यांना कोणी सर्वांदेखत विचारीत नाहीं. आमच्या लीगची ती भानगड आतां निवली आहे; तुला लिहायचें असेल तर लिही. नांवें तेवढीं घालूं नकोस."

ती भानगड गेल्या वर्षींच्या नोव्हेंबरांतली. तेव्हां ती फोनवर रडली होती. आणि पस्तिशी ओलांडलेली, एका मोठ्या रुग्णालयाचें हिशेबखातें सांभाळणारी मुलगी खेळावरून रडते याचें मला हसूं आलें होतें. तें हसूं मी आज परत घेतें. गोष्ट खेळाची असली तरी तींत अडकलेला प्रश्न आपल्या घरादारांतलाच आहे. दोघांनीं आपसांत केलेली देवघेव चारचौघांना कितपत दाखवावयाची, आणि न दाखविली तर चारचौघांनीं विश्वास कशाच्या बळावर ठेवावयाचा?

आधीं खेळ सांगितला पाहिजे, कारण मलाहि तो समजावयास तीन फोन लागले.

अमेरिकेंत ज्याला फुटबॉल म्हणतात त्यांत पायाचें काम थोडें व हाताचें फार. दोन्ही टोकांस निमुळता असा लांबट चेंडू छातीशीं धरून पळावयाचें, किंवा तो दूर फेंकून आपल्या गड्यानें झेलावयाचा, आणि समोरच्या अकरा धिप्पाड गड्यांनीं त्याला आडवें पाडावयाचें, असा एकंदर मामला. तेथील नॅशनल फुटबॉल लीगमध्यें बत्तीस संघ आहेत व २०२१ पासून प्रत्येक संघ अठरा आठवड्यांत सतरा सामने खेळतो. हा झाला खरा खेळ. माझी भाची खेळते ती त्याची सावली. तिला तिकडे फँटसी फुटबॉल म्हणतात. आपण मनांतला फुटबॉल म्हणूं.

दहाबारा ओळखीचीं माणसें मिळून आपली एक लीग काढतात. हंगामापूर्वीं, बहुधा ऑगस्टच्या अखेरीस, एके दिवशीं सर्वजण बसून खऱ्या संघांतले गडी पाळीपाळीनें निवडून घेतात. एकानें घेतलेला गडी त्या लीगपुरता दुसऱ्यास मिळावयाचा नाहीं. ज्याची पहिल्या फेरींत पाळी पहिली त्याची दुसऱ्या फेरींत शेवटची, अशी सापासारखीं वळणें घेत ही निवड चालते. मला ही व्यवस्था फार आवडली. वाटणीच्या वेळीं ज्या भावानें वाटे केले त्यानें आपला वाटा शेवटीं उचलावयाचा, अशी कित्येक घरांत रीत असे. तिची ही बहीण शोभेल. पुढें दर आठवड्यास या गड्यांनीं प्रत्यक्ष मैदानावर जें केलें त्याचे गुण होतात. चेंडू घेऊन दहा यार्ड धांवल्यास एक गुण, शेवटच्या रेषेपलीकडे नेल्यास सहा, असा साधारण हिशेब. दोघांदोघांची गांठ लावून दिलेली असते. ज्याची बेरीज अधिक तो त्या आठवड्याचा विजयी. स्वतःच्या अंगास घाम न येतां संघाचा मालक म्हणून मिरविण्याची ही सोय आहे, असें मी म्हणालें तेव्हां भाचीला राग आला होता.

या खेळाचा जन्महि मित्रमंडळींतच झाला. ऑकलंड रेडर्स या संघांत थोडी भागीदारी असलेले बिल विंकनबाख नांवाचे गृहस्थ १९६२ सालीं संघाबरोबर पूर्वेकडील दौऱ्यावर गेले होते. न्यू यॉर्कच्या एका हॉटेलांत संघाचे प्रसिद्धीचें काम पाहणारे एक गृहस्थ व 'ऑकलंड ट्रिब्यून' पत्राचे स्कॉटी स्टर्लिंग यांच्यासह बसून त्यांनीं या खेळाचे नियम रचले, आणि १९६३ च्या ऑगस्टांत विंकनबाख यांच्या घराच्या तळघरांत आठ संघांची पहिली निवड झाली. त्या लीगचें नांव 'ग्रेटर ऑकलंड प्रोफेशनल पिगस्किन प्रॉग्नॉस्टिकेटर्स लीग' असें होतें. एवढें लांब नांव ठेवणारीं माणसें खेळ हलक्यानें घेत असतील असें मला वाटत नाहीं. गुणांची बेरीज हातानें, कागदावर होत असे. पुढें १९९७ च्या सुमारास हा हिशेब संगणकाकडे व इंटरनेटकडे गेला आणि तळघरांतला खेळ घरोघर पसरला.

पैशाचा प्रश्न कोणी काढीलच, म्हणून सांगून टाकतें. भाचीच्या लीगची वर्गणी माणशीं शंभर डॉलर आहे, व अमेरिकेच्या २००६ च्या कायद्यानें कांहीं अटींवर अशा खेळांस इंटरनेटवरील जुगाराच्या व्याख्येंतून वगळलें आहे. आपल्याकडे मात्र २०२५ च्या ऑगस्टांत संसदेनें पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले. त्या वादांत आज मी शिरत नाहीं. बारा घरांचे शंभर शंभर डॉलर हे भांडणाचें निमित्त असेल. कारण तें नव्हतें.

या खेळांत जी गोष्ट माणसें जोडते आणि तोडते ती म्हणजे अदलाबदल. माझ्याजवळ धांवणारे गडी चार व झेलणारा एकहि धड नाहीं. तुझें नेमकें उलट. मग आपण दोघें एकेक गडी बदलून घेऊं. शेजारणीनें कोथिंबीर द्यावी व आपण कढीलिंब, तितकें हें सरळ आहे. पण कोथिंबिरीच्या जुडीवरून तिसऱ्या बिऱ्हाडाचें कांहीं बिघडत नाहीं. येथें दोघांचा सौदा झाला कीं उरलेल्या दहाजणांच्या वाटेंतले काटे कमीजास्त होतात.

आतां झालें काय तें सांगतें. त्या लीगमध्यें पांचजण जावईबापूंच्या कचेरींतले, पांच शेजारपाजारचे, आणि हीं दोघें, असे बारा संघ. नवऱ्याबायकोचे संघ वेगळे. लीगची व्यवस्था पाहणाऱ्याला तिकडे कमिशनर म्हणतात, म्हणजे हुद्दा मोठा आणि पगार शून्य. हा कमिशनर त्यांचा शेजारी, एक अमेरिकन गृहस्थ. भाचीच्या मुलाच्या जन्माच्या रात्रीं जावईबापू परगांवीं होते, व यानेंच तिला बर्फांतून गाडी हांकून रुग्णालयांत पोंचविलें होतें. हें मुद्दाम सांगतें. कारण मोडावयाची वेळ आली होती ती या ओळखीवर.

नऊ आठवडे झाले तेव्हां भाचीचा संघ सहा सामने जिंकून तिसऱ्या क्रमांकावर होता. जावईबापूंचा संघ दोन जिंकून सात हरला होता, म्हणजे तळाशीं. त्यांच्याजवळ एक नामांकित धांवणारा गडी होता, पण पोटरी दुखावल्यामुळें तीन आठवडे बसून असलेला. तो त्यांनीं भाचीला दिला आणि तिच्याकडून दोन मध्यम प्रतीचे, पण खेळते, झेलणारे गडी घेतले. मंगळवारीं रात्रीं साडेनऊला ही अदलाबदल सर्वांच्या फोनवर झळकली आणि दहाच्या आंत कुजबुज सुरू झाली. एका मराठी सभासदानें लिहिलें, "एकाच ताटांतल्या दोन वाट्या." अमेरिकन मंडळींनीं त्याचा अर्थ विचारून घेतला व तो त्यांना फार आवडला.

लीगचा नियम असा कीं अदलाबदल दोन दिवस तपासणीसाठीं राहते, आणि त्या मुदतींत उरलेल्या दहांपैकीं चौघांनीं हरकत घेतली तर ती रद्द होते. येथपर्यंत कोणाचें कांहीं म्हणणें नाहीं. पण मग एकानें सुचविलें कीं दोघांनीं आपसांतले निरोप सर्वांना दाखवावेत, म्हणजे संगनमत होतें कीं नव्हतें तें कळेल. कमिशनरला तें पटलें. भाचीनें उत्तर दिलें, निरोप नाहींतच. आम्ही एका घरांत राहतों, बोलणें भांडीं विसळतांना झालें. "मग काय बोलणें झालें तें लिहून पाठवा," असा उलट निरोप आला. तिनें साफ नकार दिला. बुधवारीं संध्याकाळपर्यंत पांच हरकती जमल्या व सौदा मोडला.

फोनवर ती मला म्हणाली, "आत्या, दहा वर्षें मी या लीगमध्यें आहें. दोनदां पहिली आलें. आणि यांच्या लेखीं माझा संघ म्हणजे त्याच्या संघाचें माजघर!"

या वाक्यानें मी हसावयाची थांबलें. आपल्या पिढींत नवऱ्याच्या दुकानांत राबणाऱ्या बायकोचा हिशेब वेगळा नसे, आणि तिचें मत विचारलें तर तें त्यांच्याकडून आधींच कळलेलें आहे असें धरून चालत. ही मुलगी अमेरिकेंत स्वतःची नोकरी, स्वतःचें बँकखातें, स्वतःचा काल्पनिक संघदेखील बाळगून आहे, आणि तरीहि दोघांनीं कांहीं केलें कीं तें 'घरांतल्या घरांत' ठरतें. तोच सौदा तिनें कचेरींतल्या एखाद्या सभासदाशीं केला असता तर कदाचित् एक हरकत आली असती, कदाचित् एकहि नाहीं.

मात्र तिच्या बाजूनें एवढें वाटलें तरी समोरच्यांची शंकाहि मला खोटी म्हणवेना.

लहानपणीं वडिलांबरोबर मीं बैलबाजार पाहिला आहे. दोन माणसें समोरासमोर उभीं राहतात, हातांवर रुमाल किंवा उपरणें पडतें, आणि त्याखालीं बोटें दाबून किंमत ठरते. तोंडानें शब्द नाहीं. फक्त एकाची मान हलते, दुसऱ्याची हलत नाहीं. मला ती जादू वाटे. वडिलांना विचारलें तर म्हणाले, बैल त्याचा, पैसे याचे. मध्यें आपल्याला काय करावयाचें आहे कळून? आणि तें खरेंच होतें. पण हाच रुमाल धान्याच्या व भाजीच्या बाजारांत आला, तेथें त्याला हत्ता म्हणत, तेव्हां त्याचा रंग पालटला. रुमालाखालचे दोन हात अडत्याचे व व्यापाऱ्याचे. माल ज्याचा तो शेतकरी बाजूला उभा, आणि आपल्या घामाची काय किंमत ठरली हें त्यालाच कळत नसे. मुंबई इलाख्यांत १९३९ चा व पुढें महाराष्ट्रांत १९६३ चा, असे नियंत्रित बाजारांचे कायदे झाले त्यांच्या मागें जीं दुःखें होतीं त्यांत हा रुमालहि होता. उघड लिलाव हा त्यावरचा उपाय.

मनांतल्या फुटबॉलांतला सौदा यांपैकीं कोणत्या रुमालाखालचा? गडी त्या दोघांचेच, म्हणून तो बैलबाजारांतला. परिणाम इतर दहांवर, म्हणून तो धान्यबाजारांतलाहि. मला वाटतें, उत्तर सौद्याच्या दोन वेळा वेगळ्या मानण्यांत आहे. बोटें दाबली जात आहेत तोंवर रुमाल राहूं द्यावा. ठरल्यावर मात्र बैल दावें धरून भर बाजारांतून, सर्वांच्या डोळ्यांदेखत न्यावा.

बोलणें चालू असतां रुमाल कां हवा, हें भाचीनें मला चांगलें समजावून दिलें. आपण अमुक गडी द्यावयास तयार आहों हें बाराजणांस कळलें कीं त्याची किंमत त्याच क्षणीं पडते. आपल्याला झेलणारा गडी हवा आहे हें कळलें कीं ज्याच्याजवळ तो आहे तो दुप्पट मागतो. आणि फिसकटलेल्या बोलण्यांचें काय? दहा वेळां विचारावें तेव्हां एकदां जुळतें. मुलीला सांगून आलेल्या व मोडलेल्या स्थळांची यादी कोणी शहाणा मनुष्य वर्तमानपत्रांत देत नाहीं, व न देण्यांत लबाडी आहे असेंहि कोणी म्हणत नाहीं. याद्या झाल्या, मुहूर्त ठरला कीं मग पत्रिका सर्व गांवाला जाते.

याच खेळांत एक जागा अशी आहे कीं तेथें गुप्तता हीच न्यायाची हमी. जे गडी कोणाच्याच वांट्यास आलेले नसतात त्यांच्यासाठीं कित्येक लीगांत मोहोरबंद बोली होते. प्रत्येकास वर्षाकांठीं शंभर काल्पनिक डॉलर मिळतात. ज्याला जो गडी हवा त्यानें आपला आंकडा गुपचूप टाकावयाचा. ठरल्या वेळीं सर्व बोली एकदम उघडतात आणि मोठ्या बोलीस गडी मिळतो. येथें एखाद्याचा आंकडा एकाच्याच कानीं आधीं गेला तर खेळ संपला. गुप्तता सर्वांस सारखी असली कीं ती निष्पक्ष. एकालाच फट असली कीं चोरी.

या फटीचें मोठें उदाहरण २०१५ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत गाजलें. रोजच्या रोज पैसे लावून हा खेळ चालविणाऱ्या दोन मोठ्या कंपन्या, ड्राफ्टकिंग्ज व फॅनड्युएल. कोणता गडी किती खेळाडूंनीं घेतला आहे याची माहिती वेळेपूर्वीं बाहेर पडली तर तिचा फायदा उठवितां येतो. ती पहिल्या कंपनींतल्या एका नोकराकडून चुकून आधींच प्रसिद्ध झाली, आणि त्याच आठवड्यांत त्याच गृहस्थानें दुसऱ्या कंपनीच्या स्पर्धेंत साडेतीन लाख डॉलर जिंकले. आपला संघ पक्का झाल्यावरच ती माहिती त्याच्या हातीं आली होती, असें पुढें कंपनीच्या चौकशींत निघालें. पण लोकांच्या मनांत किंतु बसावयाचा तो बसलाच, आणि दोन्ही कंपन्यांना आपल्या नोकरांस असे खेळ खेळण्याची बंदी करावी लागली. त्या माणसानें कांहीं केलें नसेलहि. तो जेथें बसला होता त्या जागेवरून त्याला करतां आलें असतें, एवढें पुरलें. नवराबायको एका घरांत राहतात, हीहि तशीच एक जागा.

खऱ्या खेळांतहि सर्व रुमाल निघालेले नाहींत. २०२३ च्या नोव्हेंबरांत हार्दिक पंड्या गुजरात टायटन्सकडून मुंबई इंडियन्सकडे गेला, तेव्हां त्याचें मानधन सर्वांस ठाऊक होतें. पण त्यापलीकडे एका संघानें दुसऱ्यास दिलेली रक्कम जाहीर करण्यांत आली नाहीं. आमच्या वाड्यांतल्या मुलांनीं त्यावरून महिनाभर जे तर्क केले ते ऐकतां, खरा आंकडा सांगून टाकला असता तर बरें झालें असतें असें मला वाटलें. झांकलेल्या आंकड्यापेक्षां लोकांचा तर्क नेहमींच मोठा असतो.

बरें, सौदा उघड झाला, सर्वांनीं पाहिला. पण नुसतें पाहून तो न्याय्य कीं अन्याय्य हें कळतें काय? १९८९ सालच्या १२ ऑक्टोबरला डॅलस काउबॉयज या संघानें आपला हर्शल वॉकर हा नामांकित धांवणारा गडी मिनेसोटा वायकिंग्ज संघास दिला. बदल्यांत कांहीं गडी व पुढील वर्षांच्या नवख्या गड्यांच्या निवडींचे हक्क घेतले. सगळी मोजदाद केली तर त्या देवघेवींत गडी व निवडी मिळून अठरा नग गुंतले होते. एकुलता एक मोठा गडी घालवून डॅलसनें हातचें सोडलें, असें त्या वेळीं पुष्कळांस वाटलें. त्या हंगामांत डॅलस सोळांपैकीं एकच सामना जिंकला. पुढें त्याच निवडींच्या पायावर डॅलसनें संघ उभारला आणि १९९२, १९९३ व १९९५ या तीन हंगामांचें अजिंक्यपद मिळविलें. वॉकर मिळून मिनेसोटाचें व्हावयाचें तें भलें झालें नाहीं. त्या दिवशीं उरलेल्या संघांस मत विचारलें असतें तर त्यांनीं बहुधा डॅलसची कींव येऊन सौदा मोडला असता.

म्हणून, एखाद्याचा सौदा मूर्खपणाचा दिसतो एवढ्यावर तो मोडण्याचा अधिकार इतरांस असूं नये. आपल्या हातानें आपलें नुकसान करून घेण्याची मोकळीक ही मालकीची पहिली खूण आहे. मोडावा तो एकाच कारणासाठीं: दोघांपैकीं एकजण स्वतःसाठीं खेळत नसून दुसऱ्यासाठीं खेळतो आहे, तेव्हां. आणि तें ठरविणारेहि तटस्थ हवेत. भाचीच्या सौद्याला हरकत घेणाऱ्या पांचांतले तिघे गुणतक्त्यांत तिच्या लगतचे होते. ती दुबळी राहण्यांत त्यांचा सरळ फायदा. फिर्यादीनेंच निकाल लिहावयाचा, असा हा दरबार. या तिघांचे आपसांतले निरोप मात्र कोणी मागितले नाहींत.

हें सर्व मीं तिला फोनवर सांगितलें, आणि आत्या आपल्या बाजूची आहे असें पाहून तिचा आवाज जरा मोकळा झाला. फोन ठेवतां ठेवतां मीं सहज विचारलें, "पण अग, बोलणें झालें तरी काय होतें?"

ती म्हणाली, "कांहीं विशेष नाहीं ग. तो म्हणाला, माझें आतां कांहीं व्हायचें नाहीं. तूं तरी जिंक."

मी कांहीं वेळ बोललें नाहीं. नऊपैकीं सात आठवडे हरलेला नवरा भांडीं पुसतां पुसतां बायकोला असें म्हणतो, याहून गोड बोलणें संसारांत वरचेवर ऐकूं येत नाहीं. आणि नेमकें हेंच बोलणें त्या खेळांत अपराध आहे. तळाच्या संघाला जिंकण्याची आशा उरली नाहीं कीं त्याच्या गड्यांचें मोल त्याच्या स्वतःच्या दृष्टीनें शून्य होतें. मग ते कोणाच्या पारड्यांत टाकावयाचे हें प्रेमानें ठरतें, किंवा रागानें. बहुतेक लीगांत हंगामाचा शेवट जवळ आला कीं अदलाबदलीची मुदत संपते, त्याचें कारण हेंच.

"पण मी त्याला फसविलें नाहीं," ती घाईनें म्हणाली. "त्याचे दोन गडी त्या आठवड्यांत सुट्टीवर होते. मीं दिलेले दोघे त्याला लगेच उपयोगी पडले असते. आणि मला मिळाला तो लंगडा. मीं सगळा हिशेब मांडून पाहिला होता." तेंहि खरें होतें. हिशेब बरोबर होता आणि हेतु मिसळलेला होता. आपल्या बहुतेक व्यवहारांप्रमाणेंच.

माझें मत मीं तिला सांगितलें. तें वाक्य ऐकण्याचा त्या दहाजणांस कांहीं अधिकार नव्हता, व तूं तें सांगितलें नाहींस हें योग्यच केलेंस. पण तें वाक्य कानीं पडल्यावर तो सौदा तूं करावयास नको होतास. कमिशनरनें विचारावयाचें तर दोघांस वेगवेगळें एवढेंच विचारावयाचें होतें, कीं यांत तुझ्या स्वतःच्या संघाचें भलें काय? त्याचें उत्तर गड्यांवरून देतां येतें, त्यासाठीं मोरीपर्यंत येण्याचें कारण नाहीं. तुझ्याजवळ उत्तर होतें. जावईबापूंजवळ तें पुरतें नव्हतें, असें मला वाटतें.

त्यानंतर तीन आठवडे तिचा फोन आला नाहीं.

त्या तीन आठवड्यांत तिकडे थँक्सगिव्हिंगचा सण होऊन गेला. भोपळ्याचा गोड पाय करून घेऊन कमिशनर त्यांच्या दाराशीं आला. घरांतलें बोलणें लिहून मागितल्याबद्दल त्यानें क्षमा मागितली. सौदा मोडल्याबद्दल मागितली नाहीं. मला तो गृहस्थ आवडला. (त्या गाजलेल्या गड्याची पोटरी पुन्हां दुखावली आणि तो उरलेल्या हंगामांत दोनच सामने खेळला. सौदा टिकला असता तर भाची चौथी आली तीहि आली नसती. यावर लीगमध्यें कोणी बोललें नाहीं म्हणतात.)

या ऑगस्टांत नवा हंगाम सुरू व्हावयाच्या वेळीं मी तेथेंच होतें. बाराहीजण अंगणांत जमले व नियम बदलले. सर्वांच्या मतानें सौदा मोडण्याची पद्धत गेली. आतां हरकत आली तर तो सौदा कमिशनरच्या बहिणीकडे जातो. ती शिकागोला असते, तिची लीग वेगळी आहे. तिच्याकडे पाठवितांना दोन्ही मालकांचीं नांवें झांकलेलीं, फक्त कोणाकडे कोणते गडी आहेत व तक्त्यांत कोण कोठें आहे एवढेंच उघडें. सोबत प्रत्येकानें आपापल्या संघाचें हित दोन ओळींत लिहून द्यावयाचें. निरोप कोणी कोणाचे मागावयाचे नाहींत. नांवें झांकण्याची कल्पना भाचीची. तिनें ती मांडली तेव्हां ज्या गृहस्थानें ताटवाट्यांची उपमा दिली होती त्यानेंच पहिल्यानें हात वर केला.

निवडीच्या रात्रीं भाची माडीवरच्या खोलींत दार लावून बसली होती व जावईबापू खालीं जेवणाच्या टेबलाशीं, कागद पालथा घालून. दोघांनाहि चहा नेऊन देण्याचें काम माझ्याकडे होतें. दुसऱ्या खेपेला मी खालीं आलें तेव्हां जावईबापू हळूच म्हणाले, "आत्या, वर काय चाललें आहे?"

"चहांत साखर कमी पडली म्हणते," मीं सांगितलें.